शाळेचे फाटक आणि कारखान्याचे गेट



माझे सारे आयुष्य कारखान्यांच्या गेटवर गेले. आठवीत शाळा सुटली, सोळाव्या वर्षी भोसरीच्या एका लहान वर्कशॉपात हेल्पर म्हणून लागलो, आणि पुढे युनियनचे काम अंगावर आले ते आजतागायत सुटलेले नाही. जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, रात्री, कायद्याची पुस्तके उघडून. तेव्हा शिक्षणशास्त्रावर बोलण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. परंतु शाळेतून बाहेर पडलेले मूल शेवटी ज्या गेटपाशी येऊन उभे राहते, ते गेट मला ठाऊक आहे. त्या गेटवर अपंग मुलांचे काय होते आणि काय होऊ शकते, एवढेच मी आज सांगणार आहे.

दर वर्षी दहावीचा निकाल लागला की गेटसभा संपल्यावर एखादा कामगार बाजूला घेऊन मला विचारतो, “भाऊ, पोरगा दहावी पास झाला. ऐकू येत नाही त्याला, पण हात सोन्यासारखे आहेत. कुठं चिकटवता येईल का?” बापाच्या हातात पेढ्यांचा पुडा असतो आणि डोळ्यांत धास्ती असते. बाकीच्या मुलांचा दहावीनंतर रस्ता सुरू होतो. या मुलाचा रस्ता बहुधा तेथेच संपतो, हे बापाला कळलेले असते.

‘चिकटवणे’ हा शब्द आपण किती सहज वापरतो! मीही अशी काही मुले ओळखीपाळखीने चिकटवली. त्यांतील बहुतेक वर्षाच्या आत सुटली. ती का सुटली याचा विचार करण्यास मला फार उशीर झाला, आणि तो विचार करावयास लावणारी एक गोष्ट घडली ती आधी सांगतो. ती माझ्या चुकीची गोष्ट आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका कारखान्यात जुळणीच्या लाइनवर एक कर्णबधिर तरुण घेण्यात आला. आठ जणांचा गट होता आणि उत्पादनाचा इन्सेन्टिव्ह गटावर होता. पहिल्या पंधरवड्यात गटाचे नग कमी भरले. गटातील माणसे माझ्याकडे आली. “भाऊ, त्याच्यापायी आमचा इन्सेन्टिव्ह बुडतोय,” म्हणाली. सभासदांचे गाऱ्हाणे ते आपले गाऱ्हाणे, या सवयीने मी मॅनेजरसाहेबांकडे गेलो आणि त्या मुलाला दुसरीकडे हलवा म्हणालो. त्यांना तेच हवे होते. मुलगा झाडलोटीवर गेला आणि दोन महिन्यांनी यावयाचाच बंद झाला.

पुढे त्याच्या शाळेचे शिक्षक युनियनच्या कचेरीत आले. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच सांगितले, “त्याला काम येत होते. तुमच्या लाइनवर जागा बदलायची खूण घंटेने होते. त्याला घंटा ऐकू येत नव्हती.” दर वेळी शेजारचा हलला की मग हा हलत असे, आणि तेवढ्यात लाइन थांबत असे. घंटेबरोबर एक दिवा लागला असता तर काम झाले असते. एक दिवा, एक होल्डर आणि चार मीटर वायर! आम्ही आठ जणांच्या बोनससाठी एका मुलाची भाकरी घालवली, आणि त्याला कामगार एकजूट असे नाव दिले.

मंडळी, तेव्हापासून मी हा विषय अभ्यासू लागलो.

प्रथम कायदा पाहू, कारण कायदा माहीत नसलेला कामगार हा निम्मा कामगार असतो. अपंगांच्या समान संधीचा पहिला सर्वंकष कायदा आपल्याकडे १९९५ साली झाला. त्यात सरकारी नोकऱ्यांत शेकडा ३ जागा राखीव होत्या. त्याच्या जागी २०१६ सालचा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आला. या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार २१ केले. ज्यांचे अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून अधिक आहे अशा मुलांना वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला, सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत शेकडा ५ जागा ठेवल्या आणि सरकारी आस्थापनांत शेकडा ४. या चारांपैकी एक जागा अंध व अल्पदृष्टी असलेल्यांसाठी, एक कर्णबधिरांसाठी, एक हातापायांचे अपंगत्व असलेल्यांसाठी आणि एक स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, शिकण्यातील अक्षमता, मानसिक आजार व बहुविध अपंगत्व असलेल्यांसाठी आहे.

हे वाचून कोणाला वाटेल की प्रश्न सुटला. पण आमच्या औद्योगिक पट्ट्यातील बहुतेक नोकऱ्या खासगी आहेत, आणि तेथे आरक्षण नाही. खासगी मालकाने आपल्या मनुष्यबळात शेकडा ५ अपंग घ्यावेत म्हणून सरकारने उत्तेजन द्यावे, एवढेच कायदा म्हणतो. मात्र याच कायद्यात एक कलम आहे, ते फार थोड्यांना ठाऊक आहे. २१व्या कलमाप्रमाणे प्रत्येक आस्थापनेने, खासगीसुद्धा, समान संधीचे धोरण लिहून जाहीर केले पाहिजे. जेथे २० किंवा अधिक कामगार आहेत तेथे त्या धोरणात अपंग व्यक्तीला योग्य अशी कामे कोणती, निवड कशी होईल, कामाच्या जागी सोयी कोणत्या मिळतील, आणि हे सारे पाहणारा अधिकारी कोण, हे लिहावे लागते. आम्ही युनियनवाले दर मागणीपत्रात चहाच्या कपाच्या मापापर्यंत मागण्या लिहितो. हा कागद मात्र आम्ही क्वचितच मागितला आहे.

आता आकड्यांकडे येऊ. २०११ च्या जनगणनेत देशात अपंग व्यक्ती सुमारे २ कोटी ६८ लाख भरल्या. महाराष्ट्रात त्या २९ लाखांच्या वर होत्या. सर्व वयांच्या मिळून या लोकांपैकी काम करणारे शेकडा ३६ होते. पुरुषांत ते शेकडा ४७ आणि स्त्रियांत अवघे २३ होते. कोणी म्हणेल, ३६ म्हणजे काही वाईट नाही. पण जनगणनेच्या व्याख्येत घरच्या शेतात राबणारा आणि वर्षातून थोडे दिवस मजुरी करणाराही काम करणारा असतो. पगाराची पावती, भविष्यनिर्वाह निधी आणि रजा ज्याला मिळते अशाच माणसाची ती मोजणी नव्हे. आणि स्त्रियांचा आकडा पाहा. मुलगा अपंग असला तर बाप निदान माझ्यापाशी येतो. अपंग मुलीसाठी आजवर मोजकेच आईबाप आले. मुलीला घरात बसवणे म्हणजे तिला सांभाळणे, असे आपण समजतो.

मग कायदा आहे, शाळा आहेत, सरकारी कचेऱ्याही आहेत, तरी गाडे अडते कोठे? मुंबईत १९०२ साली अंधांसाठी व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा निघाली. म्हणजे शिक्षणाची खटपट शंभर वर्षांहून जुनी आहे. अपंगांसाठीचे खास सेवायोजन कार्यालय १९५९ साली मुंबईतच प्रथम निघाले. या दोन टोकांच्या मध्ये मात्र पूल नाही. शाळा म्हणते, आम्ही दहावी केली, आमचे काम झाले. मालक म्हणतो, तयार माणूस आणा. मधली दोन-तीन वर्षे कोणाचीच नाहीत. धडधाकट मुलगा ही वर्षे मामाच्या गॅरेजात, मित्राच्या दुकानात, इकडेतिकडे धडपडत काढतो आणि नकळत काम शिकतो. अपंग मुलाला ही धडपड करू देण्यास कोणी तयार नसते. तो घरी बसतो, आणि घरी बसण्याचे शिक्षण फार लवकर पक्के होते.

दुसरी अडचण प्रशिक्षणाची. वर्षानुवर्षे आपण अंध मुलांना खुर्च्या विणावयास शिकवले, पण वेताच्या खुर्च्यांच्या जागी प्लॅस्टिकच्या आल्या. टेलिफोन ऑपरेटरचे काम शिकवले, पण फोन आपोआप जोडले जाऊ लागले. खडू, मेणबत्त्या, राख्या, पणत्या यांतून दिवाळीच्या प्रदर्शनात विक्री होते, आणि आपण कनवाळूपणे दोन जास्त घेतो. मेणबत्ती करणे वाईट नाही. तो धंदा म्हणून नीट केला तर त्यावर चांगले पोट भरते. पण गावात ज्या कामाला माणसे हवी आहेत ते काम सोडून, शिकवावयास सोपे ते काम शिकवणे, ही मुलाची फसवणूक आहे. आज अंध मुलगा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीच्या आधारे संगणकावर काम करू शकतो. २००६ साली ऑस्ट्रेलियातील एका अंध तरुणाने सुरू केलेली अशी एक प्रणाली, एनव्हीडीए, जगभर फुकट मिळते. ती शाळेत आठवीपासून हाताळली तर दहावीनंतर रडावे लागणार नाही.

मग पूल बांधावा कसा? परदेशातील दोन गोष्टी मला शिकण्यासारख्या वाटतात. अमेरिकेत १९९० साली अपंग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यात दुरुस्ती झाली. मूल सोळा वर्षांचे होईपर्यंत, शाळेनंतर त्याने काय करावयाचे याचा आराखडा शाळेनेच तयार केला पाहिजे, असे त्यात ठरले. म्हणजे पुलाची जबाबदारी कोणाची हे कायद्याने सांगून टाकले. दुसरी गोष्ट त्याच देशातील सिनसिनाटी शहरातल्या मुलांच्या रुग्णालयातली. तेथील तातडीच्या विभागात साहित्य खणांत भरून ठेवण्याच्या कामावर माणसे टिकत नसत. विभागाच्या प्रमुख परिचारिकेच्या मनात आले की आपल्याकडे बौद्धिक अक्षमता असलेली इतकी मुले उपचाराला येतात, तशी तरुण माणसे हे काम शिकू शकणार नाहीत काय? यातून १९९६ साली ‘प्रोजेक्ट सर्च’ नावाची पद्धत सुरू झाली. शाळेचे अखेरचे वर्ष विद्यार्थी रुग्णालयातच काढतात, तीन वेगवेगळ्या विभागांत काम करून पाहतात, आणि शिक्षक त्यांच्याबरोबर तेथेच असतो. आधी वर्गात तयार करून मग नोकरीवर पाठवण्याऐवजी, कामाच्या जागीच तयार करावयाचे, हे त्यातील सूत्र. वर्कशॉपात उस्तादाच्या हाताखाली शिकलेल्या आम्हा लोकांना हे सूत्र नवे नाही.

आपल्या परिस्थितीत हे काम कसे करता येईल ते मी क्रमाने सांगतो.

पहिली पायरी नववीत. मुलाला काय येत नाही याचा दाखला जिल्हा रुग्णालय देतेच. काय येते याची यादी शाळेने करावी. किती वेळ एका जागी बसतो, सूचना ऐकून समजतात की पाहून, गर्दीचा त्रास होतो काय, हाताची पकड कशी आहे, आवड कशाची आहे. आणि हे मुलाला स्वतःला विचारावे. आईबाप आणि शिक्षक त्याच्या डोक्यावरून बोलतात आणि तो मधे बसून राहतो, असे मी फार पाहिले आहे.

दुसरी पायरी कागदपत्रांची. अपंगत्वाचे युडीआयडी कार्ड, आधार, बँकेचे खाते, आणि दहावीच्या परीक्षेत लेखनिक व जादा वेळ यांच्या सवलतींचे अर्ज वेळेवर व्हावेत. केवळ कागद पुरा नाही म्हणून हातची नोकरी गेलेली मी पाहिली आहे.

तिसरी पायरी प्रवासाची. ज्या मुलाला बारा वर्षे शाळेच्या गाडीने दारापासून दारापर्यंत नेले, तो पहिल्या दिवशी दोन बस बदलून शिफ्टला कसा येणार? दहावीच्या सुट्टीत त्याच्याबरोबर आठ दिवस जावे, पुढचे आठ दिवस मागच्या बाकावर बसावे, आणि नंतर त्याला एकट्याला जाऊ द्यावे. आईचा जीव वरखाली होईल. तो होऊ द्यावा लागतो.

चौथी पायरी कामाची फोड. मालक जेव्हा म्हणतो, “हे काम याला जमणार नाही,” तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर सबंध काम असते. पण पॅकिंगचे काम घ्या. खोका उघडणे, तळाला टेप लावणे, नग मोजून ठेवणे, चिठ्ठी चिकटवणे, खोका बंद करणे, आणि तो उचलून पॅलेटवर ठेवणे असे त्याचे सहा तुकडे होतात. यांतील मोजणे एखाद्याला जमत नसेल, तर बारा खणांची फळी करून द्यावी; खण भरले की बारा झाले. उचलणे जमत नसेल, तर तेवढे शेजाऱ्याने करावे आणि शेजाऱ्याच्या चिठ्ठ्या याने चिकटवाव्यात. कारखान्यात यालाच आम्ही जिग-फिक्स्चर म्हणतो. चांगल्या कारागिराचाही हात चुकू नये म्हणून आपण जिग करतोच ना? कायदा ज्याला वाजवी सोय म्हणतो, ती पुष्कळदा अशी एका फळीची आणि एका दिव्याची गोष्ट असते.

पाचवी पायरी सोबत्याची. पहिले तीन महिने कामावर एक माणूस त्या मुलाचा सोबती हवा. प्रारंभी शाळेचा शिक्षक येईल, पण लवकरच ही जागा लाइनवरच्याच एखाद्या समंजस कामगाराने घ्यावी. सोबत्याने काम करून द्यावयाचे नाही, शिकवावयाचे आहे, आणि हळूहळू बाजूला व्हावयाचे आहे. नोकऱ्या सुटतात त्या बहुधा कामामुळे नव्हे. जेवणाच्या सुट्टीत कोणी बोलत नाही, टिंगल होते, सुपरवायझर बदलला आणि नव्याला काही माहीत नाही, अशा कारणांनी त्या सुटतात. तेथे सोबती लागतो.

येथे युनियनचा माणूस म्हणून मी एक इशारा देतो. प्रशिक्षणाच्या नावाखाली फुकटची मजुरी चालू देता कामा नये. शाळेतल्या मुलाने काम पाहावे, ठराविक तास हाताळून पाहावे, पण अठरा वर्षांखालच्या मुलाला धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही, हा कायदा अपंग मुलालाही आहे. पुढे शिकाऊ उमेदवार म्हणून घेतले तर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याप्रमाणे विद्यावेतन मिळाले पाहिजे. आणि नोकरीवर घेतले की इतरांइतकाच पगार. “त्याला काम दिले हेच पुष्कळ,” असे म्हणून निम्मा पगार देणारा मालक हा दाता नव्हे. शिवाय सरकारने २००८ साली योजना करून, अशा नव्या कामगाराच्या भविष्यनिर्वाह निधीचा व कामगार विम्याचा मालकाचा हिस्सा पहिली तीन वर्षे स्वतः भरण्याची तयारी दाखवली होती. तेव्हा मालकांनी फार कण्हू नये.

आणि आता आमच्याच घरात पाहू. माझ्या चुकीचे मूळ गटाच्या इन्सेन्टिव्हमध्ये होते. त्याचा उपाय करारात आहे. नव्याने आलेल्या कोणत्याही कामगाराचे पहिले तीन महिने गटाच्या हिशेबात धरू नयेत, एवढे एक कलम घातले की झाले. ते सर्व नवागतांना लागू असल्यामुळे कोणावर मेहेरबानी होत नाही आणि अपंग मुलाकडे कोणी डोळे वटारून पाहत नाही. असे कलम आम्ही पुढे दोन करारांत घातले. त्यातल्या एका कारखान्यात आज बहिरेपण असलेले तिघे जण लाइनवर आहेत. घंटेबरोबर दिवाही लागतो. गंमत अशी की यंत्रांच्या आवाजात घंटा धड कोणालाच ऐकू येत नव्हती. आता सगळेच दिव्याकडे पाहतात.

एक आक्षेप मला प्रत्येक सभेत ऐकावा लागतो. “धडधाकट पोरांना काम नाही, आणि तुम्ही यांचे काय घेऊन बसलात?” हा प्रश्न विचारणाऱ्याचे दुःख खोटे नाही. त्याचाही मुलगा घरी बसलेला असतो. त्याला मी दोन गोष्टी सांगतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मागितली तेव्हा, पोट भरण्याची भ्रांत असताना सुट्टी कसली मागता, असे म्हणणारे लोक होते. १८९० साली ती सुट्टी मिळाली. हक्क मागण्याची सोयीची वेळ कधीच येत नसते.

दुसरी गोष्ट आमच्या धंद्यातली. प्रेसवर काम करणाऱ्याला विचारा. सकाळी दहा बोटे घेऊन गेलेला माणूस संध्याकाळी सहा घेऊन परत येतो. आम्ही त्याच्या नुकसानभरपाईसाठी भांडतो, पैसे मिळवून देतो आणि प्रकरणाची फाइल बंद करतो. त्याच्या कामाचे काय? सरकारी नोकरास सेवेत असताना अपंगत्व आले तर त्याला काढता येत नाही, असे २०१६ च्या कायद्यात आहे. खासगी कामगारास ते संरक्षण नाही. ज्या कारखान्याने शाळेतून आलेल्या मुलासाठी कामाची फोड केली, फळी केली, दिवा लावला, त्या कारखान्याला बोटे गेलेल्या जुन्या कामगारासाठी जागा शोधणे अवघड जात नाही. जो कारखाना त्या मुलाला गेटवरून परत पाठवतो, तो उद्या तुम्हालाही परत पाठवील. म्हणून हा प्रश्न दयेचा नाही, आपल्या सर्वांच्या नोकरीचा आहे.

पूर्वी आम्ही ‘अपंग’ म्हणत असू, आता सरकारी कागदावर ‘दिव्यांग’ लिहितात. महाराष्ट्रात २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही झाला आहे. चांगले झाले. पण नाव बदलल्याने हजेरीपटावर नाव चढत नाही. ते चढवण्यासाठी नववीचा शिक्षक, बाप, मालक आणि युनियनचा कार्यकर्ता असे चौघे वर्षातून निदान दोनदा एका टेबलाशी बसले पाहिजेत, आणि पाचवी खुर्ची त्या मुलाची किंवा मुलीची असली पाहिजे.

आपण सारे उद्या कोठे ना कोठे कामावर जाल. कोणी बँकेत, कोणी दवाखान्यात, कोणी दुकानात, कोणी कारखान्यात. माझी एवढीच विनंती आहे की उद्या आपल्या जागेकडे एकदा नीट पाहा. येथे कोणते काम फोड करून देता येईल? येथे घंटा आहे, तेथे दिवा लागू शकेल काय? आणि तुमच्या आस्थापनेचे समान संधीचे धोरण कोठे लावले आहे, ते वरिष्ठांना विचारा. विचारणाऱ्याला कोणी नोकरीवरून काढत नाही. काढलेच, तर आमची कचेरी संध्याकाळी उघडी असते.

त्या मुलाचा मी पुढे शोध केला, तो सापडला नाही. त्याची माफी मागावयाची राहून गेली. ती मी आता दर गेटसभेत, पुढच्या मुलांसाठी जागा मागून, मागत असतो.